भिजलेली मटकी आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका मटकीकडं टक लावून बघणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर जवळ जाऊन नीट बघा, ते दाजीच असतील, फक्त शर्ट दुसरा घातलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे सुप्याकडचे, जिथं पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता निघून जातो. बारामतीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात, म्हणजे झोप, जेवण, आंघोळ आणि माझ्या बहिणीशी बोलणं यातनं चोरलेल्या वेळात, पुण्याला जाऊन-येऊन पीएचडी करायचे. विषय काय, तर मोड येऊ लागलेलं बी वाळवलं आणि परत भिजवलं, तर त्याच्या पेशींना वाढीसाठी लागणारी ताकद पुन्हा तयार करता येते का. आता हे ऐकायला लई भारी वाटतं, पण मी बी.एस्सी.ला बारामतीला आले आणि त्यांच्याच दोन खोल्यांत राहिले, त्यामुळं मला माहितीये की ह्या सगळ्याचा खरा अर्थ एकच: घरात कुठंही हात घातला की ओलं फडकं लागणार! उशीजवळ फडकं, रेडिओमागं फडकं, देवघरातल्या शंखाशेजारी फडकं, आणि प्रत्येक फडक्यात मूठभर मटकी, आणि प्रत्येक मटकीला दाजींनी ठरवून दिलेलं वेगळं नशीब. ही सकाळपर्यंत भिजणार. ही दुपारी वाळणार. ही वाळून परत भिजणार. ताईनं एकदा वैतागून त्यातलं एक फडकं उचललं आणि उसळ केली. दाजींनी दोन घास खाल्ले, तिसऱ्या घासाला थांबले, ताटाकडं बघितलं आणि एखादा नातेवाईक ओळखू यावा तशा आवाजात म्हणाले, "ही कालची वाळवलेली होती ना गं?" आणि सगळी उसळ संपवली, कारण अन्न टाकायचं नाही हे त्यांना पीएचडीच्या आधीपासून माहिती होतं.

घरात एक थर्मास होता, ताईच्या लग्नात आलेला, लाल फुलांचा. त्यात चहा कधी गेलाच नाही. भिजलेली मटकी आत, तोंडाला कापसाचा बोळा आणि बोळ्यातनं वर आलेला थर्मामीटर, असा तो कायम कपाटावर बसलेला असायचा. बी जागं झालं की ते साठवलेलं अन्न जाळायला लागतं आणि त्यातनं थोडी ऊब निघते, ती ऊब दाजी मोजायचे. एकदा घरमालक आले, त्यांनी थर्मास बघून हात पुढं केला आणि म्हणाले, "अर्धा कप चालंल." दाजी ताडकन उठले. "हात लावू नका, तिचा ताप बघतोय!" घरमालकांना वाटलं आत कुणाचं तरी औषध आहे. ते हळू आवाजात "बरी होईल, बरी होईल" म्हणत उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळींनी मोसंबी पाठवली. मोसंबी आम्ही खाल्ली. मटकीचा ताप तोपर्यंत उतरला होता.

बरं, हे सगळं घरातच राहावं की नाही? नाही! कॉलेजातला तराजू बिघडला तेव्हा दाजी सरळ सराफाच्या पेढीवर जाऊन गादीवर बसले. सराफानं चहा मागवला, मखमलीचा तुकडा पसरला, "मंगळसूत्र का पाटल्या?" असं प्रेमानं विचारलं, आणि दाजींनी खिशातनं पुडी काढून मखमलीवर मटकी ओतली. "ही आधी मोजा. मग वाळवून परत आणतो, तेव्हा परत मोजायची." सराफ बिचारा भला माणूस, त्यानं मोजली. पुढं पुढं तर दाजी दिसले की तो स्वतःच विचारायचा, "आज ओली का वाळलेली?" आणि थंडीच्या दिवसांत इंदापूरला आमच्या गावी निघाले की बारामती डेपोत एसटीत बसल्यापासनं दाजींचा एक हात स्वेटरच्या आत, छातीशी. मटकीला थंडी लागू नये म्हणून पुरचुंडी तिथं ठेवलेली असायची. कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकून म्हणाला, "पिल्लू हाय का काय आत? बकरीचं असंल तर अर्धं तिकीट घ्यावं लागंल." दाजी म्हणाले, "अजून जन्मायचंय." शेजारची म्हातारी उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली!

पण खरं सांगू का, ह्या माणसाला कधी कुणावर चिडताना मी बघितलं नाही. कारण त्यांच्या हिशेबात प्रत्येक माणूस म्हणजे बीच. मी पेपराच्या आदल्या दिवशी लोळत पडले की म्हणायचे, "राहू दे, अजून पाणी आतपर्यंत गेलेलं नाही." आणि मला एकदा विचारावंसं वाटलं की दाजी, हे नक्की काय आहे, मला सोपं करून सांगा. मग काय, चहा गार झाला, ताईची भाकरी करपली आणि दाजी सुरू. "अगं, कोरडं बी मेलेलं नसतं. आपण रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकतो ना, तसं असतं ते. पेशीत बारक्या बारक्या चुली असतात, मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. कोरड्या बीत त्या निम्म्या झोपलेल्या. पाणी लागलं की फुंकर बसते. बी श्वास घ्यायला लागतं, अन्न जाळतं, ताकद तयार करतं. इथवर परत वाळवलं तर बहुतेक बियांचं काही बिघडत नाही, पुन्हा राख अंगावर ओढून घेतात. पण मूळ एकदा बाहेर डोकावलं की चुलीची भट्टी झालेली असते. तेव्हा पाणी काढून घेतलं तर भट्टीच्या भिंती तडकतात. मग पुन्हा भिजवा, श्वास घेईल, धूर निघेल, पण भाकरी भाजणार नाही." असं म्हणून त्यांनी ताईच्या करपलेल्या भाकरीकडं बघितलं आणि ताईनं त्यांच्याकडं. तो विषय तिथंच थांबला.

आमच्या गावाला मात्र ह्यातलं काही पटायचं नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या वाटेवर. आम्ही मेंढरंवाले. माझ्या आज्यानं मेंढरांमागं हिंडणं थांबवलं आणि माळावर पहिल्यांदा काय पेरलं तर मटकी. ती मटकी कुठल्या मुलखातनं आणली ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण दाणा बारीक, रंग मातकट, आणि एका पावसावर पदरात पडायची. आजूबाजूला पाणी आलं तसा ऊस आला, ज्याच्या त्याच्याकडची मटकी गेली. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तेवढी धरून ठेवली. दरसाल राखेत घोळून, मडक्यात भरून, तोंड शेणामातीनं लिंपून. आणि अशा माणसाचा जावई मटकीला मोड कसे येतात ते शिकायला पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो म्हटल्यावर पारावर काय चेष्टा! "आबा, तुमचं जावय अजून मोडाच्याच यत्तेत हायती का उसळीपातूर गेलं?" आबा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. दाजींना ते "पाव्हणं" म्हणायचे, जेवायला वाढायचे, आणि शेतीतलं एक अक्षर त्यांच्यापुढं काढायचे नाहीत. पाहुण्याला कुणी नांगराचं विचारतं का? दाजींना हे बोचायचं. ते बोलायचे नाहीत, पण आमच्या गावाला निघाले की इस्त्रीचा शर्ट घालायचे.

आणि मग झालं बारसं! ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी, मुलगा झाला, बारसं जूनमध्ये. दारात मांडव घातला. दाजी आदल्या संध्याकाळी बारामतीहून आले, सुप्याहून त्यांची बहीण, म्हणजे बाळाची आत्या आली. त्याच दिवशी आबांनी पेरणीसाठी मटकीचं मडकं फोडलं, राख पाखडून काढली, आईकडनं खडान्‌खडा निवडून घेतली आणि पाटीत भरून चुलीपाशी ठेवली. आता आमच्या धाकट्या चुलतीला आम्ही नानी म्हणतो. नानी म्हणजे घरातलं सगळ्यात न सांगता काम करणारं माणूस. बारशाला घुगऱ्या वाटायच्या असतात, त्या आमच्याकडं हरभऱ्याच्या. पण नानीनं ती पाटी बघितली. एवढी स्वच्छ, एवढी निवडलेली मटकी! तिला वाटलं, हरभऱ्याच्या जोडीला ही पण घुगऱ्यांसाठीच. तिनं सगळी पाटी मोठ्या पातेल्यात ओतली, वर कोमट पाणी घातलं, आणि समाधानानं झोपली.

सकाळी आबांनी "पाटी कुठं हाय?" म्हणून विचारलं, तेव्हा नानी चूल पेटवत होती. तिनं पातेल्याचं झाकण काढलं. आत टम्म फुगलेली मटकी, चमकतेय नुसती. आबांनी पातेल्यात वाकून बघितलं. खाली बसले. नानीच्या हातातली फुंकणी खाली पडली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"म्या काय केलं हे... मला वाटलं बारशाचीच हाय."

आई म्हणाली, "आवं, मग आत्ताच पेरून टाका की. भिजलेली लवकर उगवंल."

"कशी पेरू?" आबा म्हणाले. "रात्री परत पाऊस पडलाय. रानात पाय ठरंना, वापसा यायला तीन-चार रोज जातील. तवर ही नासंल. आन फुगलेला दाणा पेरायच्या पाभरीच्या चाड्यातनं खाली उतरतोय व्हय? सगळा अडकून चेंदा व्हायचा."

आणि मग मोरीपाशी दात घासत उभे असलेले दाजी, तोंडात ब्रश तसाच, धावत आत आले, पातेल्यात हात घातला, मूठभर मटकी उजेडाला नेली आणि एकेक दाणा डोळ्याजवळ धरून बघायला लागले. तोंडातला फेस शर्टावर. इस्त्रीच्या शर्टावर! "नानी, पाणी कधी घातलं?"

"जेवणं झाल्यावर, जावयबापू."

"कोमट का कडक?"

"न्हाणाला लागतं तेवढं. बोट घालून बघितलं व्हतं."

दाजी वळले. "आबा, वाळवू. अजून बऱ्याच दाण्यांचं मूळ बाहेर आलेलं नाही. ज्यांचं आलंय ती गेली, ती घुगऱ्यांत घाला. बाकीची आत्ताच्या आत्ता पाण्यातनं काढून सावलीत पातळ पसरू. उन्हात नको, अजिबात नको. हळूहळू वाळली पाहिजे."

"आन मग उगवंल?" आबांनी विचारलं. शेतीतला त्यांनी जावयाला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दाजींनी थुंकून येण्याएवढा वेळ घेतला. "आबा, माझ्या फडक्यातली उगवते. ही तुमची आहे, हिचं छातीठोक सांगत नाही. पण हिला सोडून द्यायची नाही."

आबा उठले. मला वाटलं रानाकडं जातील. ते आत गेले आणि स्वतःची घोंगडी घेऊन आले, ती मांडवात अंथरली आणि म्हणाले, "लोकर पाणी पिती. हिच्यावर पसरा." मग काय, गल्लीतल्या सगळ्या घरांतनं घोंगड्या आल्या. बारशाला नटूनथटून आलेल्या बाया मांडवात शिरल्या तर पाळणा कोपऱ्यात आणि मधे मटकीच मटकी. "आवं, बारसं हाय का खळं?" एक म्हणाली. दाजींनी तिला हात जोडले आणि बसवलं. नियम सोपा: ज्याच्या टोकाला पांढरं दिसतंय तो दाणा घुगऱ्यांच्या परातीत, ज्याला नाही तो घोंगडीवर. बायांना डाळ-तांदूळ निवडायची सवय, पण एवढं बारीक काम! "ह्येला हाय का न्हाय गं?" "डोळं फुटलं का तुजं? येवढा मोड हाय." "तो मोड न्हवं, साल सुटलीया." शंका आली की दाणा जायचा दाजींकडं, आणि दाजी चष्मा कपाळावर सरकवून न्यायाधीशासारखे निकाल द्यायचे. वारा पडला, वीज तर सकाळपासनंच गेलेली, तेव्हा दाजींनी सुपं मागवली आणि वारा घालायला लावलं. आत्या सूप हलवता हलवता म्हणाली, "दादा, तुझ्या लग्नात मी एवढी राबले नव्हते." पाळणा म्हणायची वेळ झाली तशी बायांनी निवडता निवडताच पाळणा म्हटला, आणि बाळ त्या सगळ्या सुपांच्या वाऱ्यात इतकं गाढ झोपलं की नाव ठेवायला त्याला उठवावं लागलं. आत्यानं आधी ठरवून आणलेलं नाव सांगितलं, "अंकुर." दाजी ओरडले, "आज नको! आज तो शब्दच नको!" मग एकमेकींची तोंडं बघत बायांनी घाईघाईत सोपान ठेवलं. पोरगं आजही सोपानच आहे, आणि त्याला कारण विचारलं की आम्ही सगळे हसतो.

मटकी दाजींनी एक क्षण सोडली नाही. सारखी हलवायची, खालची वर, वरची खाली. आबांना मधे मधे वाटायचं की थोडं ऊन दाखवावं, ते घोंगडीचं टोक धरून उन्हाकडं ओढायचे आणि दाजी दुसरं टोक धरून सावलीत. शेवटी आबांनी एक दाणा दाताखाली धरला. कट् असा आवाज आला. "वाळली," आबा म्हणाले. दाजी म्हणाले, आता थोडी फडक्यात भिजवून उगवते का बघू, मगच पेरू. आबांनी त्यांच्याकडं बघितलं. "चांगली निघाली तर पेरायची. वाईट निघाली तर? दुसरं बी कुठं हाय आपल्यापाशी? तवाबी हीच पेरायची. मग बघायचं कशाला?" आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तपासून बघणाऱ्या माणसानं हातातलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं.

वापसा आला. पाभर जुंपली. नानी घरात लपून बसली होती, बारशापासनं तिनं धड भाकरी खाल्ली नव्हती. आबा उंबऱ्यात येऊन म्हणाले, "चाड्यावर मूठ कोण धरणार? ऊठ." नानी म्हणाली, "माझा हात नगं, भावजी." "तुझ्याच हातनं भिजली, तुझ्याच हातनं जाऊ दे मातीत," आबा म्हणाले. आणि नानीनं मूठ धरली, डोळं पुसत पुसत, पण एक दाणा वाया गेला नाही.

दाजींना कॉलेजवर हजर व्हायचं होतं, ते बारामतीला गेले. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत हजर! "बाळाला बघायला आलो" म्हणाले आणि पिशवी टाकून सरळ माळावर. ताई आतनं ओरडली, "अहो, बाळ हितं हाय, रानात न्हाय!" त्याच्या पुढच्या दिवशी पण तेच. वर काही दिसत नव्हतं. दाजी माती उकरून बघू का म्हणून विचारायचे आणि आबा मान हलवायचे. पारावरची मंडळी येता-जाता बांधावर थांबायची, बघायची, काही न बोलता पुढं जायची, आणि चेष्टेपेक्षा तेच वाईट वाटायचं. त्या रात्री पहिल्यांदा दाजी जेवले नाहीत.

आणि मग एका सकाळी मी दूध घेऊन निघाले तर बांधावर दोघं उभे. आबा आणि दाजी. पुढं माळावर पेरणीच्या तासातासानं मटकी उगवलेली, दोन-दोन पानं माती झटकत वर आलेली. सगळीकडं नाही. कुठं ओळीनं घट्ट, कुठं हातभर जागा मोकळी, परत पाच-सहा रोपं, परत मोकळं. पण होती! मी दुधासकट नाचले, अर्धं दूध सांडलं. ज्या माणसाला मायटोकाँड्रियावर जेवण गार होईपर्यंत बोलता यायचं, तो बोटानं नुसती रोपं मोजत होता. आबा तासातनं चालत गेले, मोकळ्या जागेपाशी उकिडवे बसले, आणि माती हातानं सारखी करत म्हणाले, "पाव्हणं, ही आली आन ही का न्हाय आली? मोड तर दोन्हीला नव्हता. वाळवली बी एकाच घोंगडीवर."

दाजी त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. त्या रिकाम्या जागेतली माती बोटानं उकरून बघितली. "ठाऊक नाही, आबा."

मला वाटलं आबांना वाईट वाटेल. उलट ते पहिल्यांदाच हसले, सगळ्या तोंडानं. "न्हाय ठाऊक ना? मग फुडल्या साली बघू की दोघं मिळून."

त्या वर्षी घरात बी पुरेल एवढी मटकी आली, खायला जेमतेम. पुढच्या साली दोघांनी खरंच मिळून बघितलं, त्याच्या पुढच्या साली पण. दाजींना पीएचडी मिळाली. मग त्यांना लांबच्या कॉलेजात नोकरी लागली, तिकडं लातूरच्याही पलीकडं, आणि ताई-दाजी-सोपान गेले. बारामतीच्या त्या दोन खोल्यांत आता दुसरं कुणी राहतं. यंदा आमच्या माळापर्यंतही पाण्याची पाइपलाइन आली आणि आबांनी ऊस लावला, चांगला आलाय, तक्रार नाही. पण विहिरीच्या वरच्या अंगाला त्यांनी एक तुकडा तसाच ठेवलाय आणि त्यात मटकी टाकलीय. मी सुट्टीला गेले तेव्हा म्हटलं, आबा, एवढा तुकडा कशाला अडवलात, तिथंपण ऊस बसला असता. आबा पाटाचं पाणी वळवत होते, वर न बघताच म्हणाले, "असू दे. जावयाला अजून समजायचं ऱ्हायलंय."